मदत हवी आहे: व्हेंटेड ड्रायर की हीट पंप?

ठाण्यात फ्लॅट, चार माणसं. जून ते सप्टेंबर कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात, कुबट वास येतो. आठवड्याला चार लोड. ७ किलोचा साधा व्हेंटेड (ओली गरम हवा पाइपने बाहेर टाकणारा) पाहिलाय आणि त्याहून ३०,००० रुपयांनी महाग हीट पंप (तीच हवा आत फिरवून पाणी वेगळं काढणारा). ड्राय बाल्कनीत ठेवायचाय. पावसाळ्यापुरतं महागडं घ्यावं का?

प्रतिसाद १
भरलेल्या लोडला व्हेंटेड साधारण ४ युनिट खातो, हीट पंप २ च्या आसपास. चार महिन्यांत तुमचे ७० लोड, म्हणजे १४० युनिट वाचतील. १० रुपये दर धरला तरी वर्षाला १,४००. ३०,००० वसूल व्हायला वीस वर्षं. तोवर दोन्ही मशिनं भंगारात. बारमाही रोज वापर असेल तरच हीट पंप परवडतो. त्याचं तापमान कमी, म्हणून कपडे कमी आटतात हे खरं. पण एका लोडला अडीच-तीन तास लागतात.

प्रतिसाद २
हिशेब बरोबर, पण वाफ जाणार कुठे? एका लोडमधून ३-४ लिटर पाणी हवेत जातं. पाइप बंद बाल्कनीतच सोडलात तर भिंतींना बुरशी आलीच. ४ इंची पाइप बाहेर काढा: शक्य तितका आखूड, वाकणं कमी. मध्ये झोळ पडला की त्यात पाणी साचतं, हवा अडते, थर्मल कटआउट (जास्त तापल्यावर चालणारा सुरक्षा स्विच) हीटर बंद करतो आणि कपडे ओलेच निघतात. लोक मग मशीनला दोष देतात! सरकत्या खिडकीची एक काच काढून भोक पाडलेली अॅक्रिलिक शीट बसवा. बाथरूमच्या एक्झॉस्ट डक्टमध्ये मात्र पाइप सोडू नका, आत लिंट (कपड्यांतून निघणारे बारीक तंतू) साचून आगीचा धोका असतो.

धागाकर्ता
खिडकीबाहेर कबुतरांची जाळी आहे. चालेल?

प्रतिसाद २
पाइपचं तोंड जाळीच्या बाहेर हवं, नाहीतर आठवड्याभरात लिंटचा थर बसेल. तोंडाला झडप असलेलं कव्हर लावा; त्यावर बारीक जाळी नको. सोसायटीची परवानगी आधी घ्या. ती नाही मिळाली तर विषयच संपला, हीट पंप घ्या. त्याला पाइप लागत नाही, पाणी टाकीत जमतं किंवा नळीने मोरीत सोडता येतं.

प्रतिसाद १
दोन्हींना १६ अँपियरचा स्वतंत्र पॉइंट, एक्स्टेंशन बोर्ड नको. लिंट फिल्टर दर लोडनंतर साफ करा. स्वस्तात नुसता टायमर मिळत असेल तर थोडे जास्त देऊन मॉइश्चर सेन्सरवाला घ्या, कपडे सुकले की तो आपोआप थांबतो. तुमच्या वॉशिंग मशीनचा स्पिन किती आरपीएम आहे? ८०० असेल तर कपड्यांत पाणी जास्त राहतं, ड्रायरला बराच जास्त वेळ लागेल. १२०० च्या वर असेल तर वरचा युनिटचा आकडा जमेल.