मदत हवी आहे: 'टाइमकॉप'च्या शेवटी दुसरा वॉकर जातो कुठे?

रिकामा_मामा

नमस्कार मंडळी. प्रश्न फालतू वाटेल, पण तीन दिवस आमच्या घरात दुसरा विषय नाही.

भाचा सुट्टीला आलाय. सहावीत आहे. मेव्हणे मर्चंट नेव्हीत, सध्या जहाजावर, म्हणून ताईही महिनाभर इकडेच. शनिवारी रात्री मोठ्या हौसेने त्याला 'टाइमकॉप' दाखवला. व्हॅन डॅमचा, १९९४चा, पीटर हायम्सने दिग्दर्शित केलेला. आमच्या पिढीने तो मुख्यतः स्वयंपाकघरातल्या त्या एका दृश्यासाठी पाहिला: जमिनीवर पाणी, पाण्यात वीज, आणि हा गडी उडी मारून दोन ओट्यांवर दोन पाय पसरून अधांतरी. (एकदोन ठिकाणी रिमोट हातात धरून सिनेमा पळवावा लागला. मुलांबरोबर बघणार असाल तर आधी स्वतः बघा.)

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुढे सगळं फोडलंय, सांभाळून.

कालप्रवास शक्य झाला, म्हणून अमेरिकन सरकारने गुपचूप एक पोलीस खातं काढलं. मागे जाऊन कुणी इतिहासात लुडबूड केली की पकडून आणायचं. मागे जाता येतं, पुढे नाही, कारण पुढचं अजून घडलेलंच नाही. आणि एकच द्रव्य एकाच जागी दोनदा राहू शकत नाही. म्हणजे तरुण तुम्ही आणि म्हातारे तुम्ही समोरासमोर उभे राहू शकता, पण एकमेकांना शिवलात की संपलात. भाचा म्हणाला, "म्हणजे शिवाशिवी, पण दोघंही आउट." इथपर्यंत स्वारी खूश.

कुंपणच शेत खातं असा मामला आहे. या खात्यावर देखरेख ठेवणारा सिनेटर मॅककोम्ब (रॉन सिल्व्हर, काय मस्त हलकट दिसतो!) हाच राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी भूतकाळातून पैसा उपसतोय. सुरुवातीलाच १८६३ सालच्या जॉर्जियात घोडागाडीतलं सोनं लुटायला त्याचा माणूस आधुनिक बंदुका घेऊन उभा. याच खात्यातला पोलीस वॉकर म्हणजे आपला व्हॅन डॅम. त्याचा जुना जोडीदार अ‍ॅटवूड १९२९च्या वॉल स्ट्रीटवर कोसळलेले शेअर स्वस्तात उचलताना सापडतो. तो मॅककोम्बविरुद्ध साक्ष द्यायला तयार नाही, कारण साक्ष दिली तर सिनेटर मागे जाऊन त्याच्या पूर्वजांनाच संपवेल. मग हा जन्मालाच येणार नाही. शेवटी त्याला पुन्हा १९२९मध्ये ढकलतात, जिथून उचलला होता तिथेच, इमारतीवरून पडता पडता. इथे पोरगं एकदम गप्प झालं होतं.

आता मुद्दा. १९९४मध्ये वॉकरची बायको मेलिसा मारली गेलेली असते. दहा वर्षांनंतरचा वॉकर त्या रात्रीत परत जातो, तिला वाचवतो, बेशुद्ध पडलेल्या तरुण वॉकरशेजारी नेऊन ठेवतो आणि २००४मध्ये परततो. घरी मेलिसा जिवंत, आणि एक मुलगा त्याच्याकडे धावत येतो. सिनेमा संपला. मी डोळे पुसतोय, तेवढ्यात:

"मामा, ह्या मुलाला इतकी वर्षं ज्याने वाढवलं तो बाबा कुठे गेला?"

अरे, तोच तो, एकच माणूस.

"एकच कसा? ह्याला तर मुलाचं नावपण माहीत नाही."

मी म्हटलं, तो जाऊन हा आला. तर म्हणे, "म्हणजे तो मेला?" मग म्हटलं, हळूहळू आठवेल सगळं. तर म्हणे, मधे बदललेल्या २००४मध्ये परत आला तेव्हा कुठे काय आठवलं? वॉकरच्या साहेबाला त्याच्यासोबत मागे गेलेली फील्डिंगबाई कोण तेच ठाऊक नव्हतं, ह्याला मात्र जुनं सगळं ठाऊक. हे मला सुचलं नव्हतं. शेवटी "अरे, सिनेमा आहे" म्हणालो, आणि तिथेच चुकलो. तेव्हापासून अबोला.

जाणकारांनी मदत करावी. उत्तर सिनेमातलं चालेल, भौतिकशास्त्रातलंही चालेल. फक्त अकरा वर्षांच्या माणसाला पटायला हवं.

कट्ट्यावरचा

रुमाल टाकून ठेवतो.

माझा त्याआधीचा प्रश्न: ते रुळांवरून रॉकेटसारख्या गाडीत बसून निघतात. भूतकाळात पोचतात तेव्हा गाडी नाही. परत येतात तेव्हा पुन्हा गाडीत! पार्किंग कुठे?

वक्रावकाश

तुमच्या भाच्याने नेमका सांधा पकडलाय. तो कल्याण स्टेशन वापरून समजावता येईल.

पद्धत पहिली: रूळ एकच. भूतकाळात काही बदललं की पुढचं सगळं त्याच रुळावर बदलतं. सिनेमात तरुण मॅककोम्बच्या गालावर जखम होते आणि शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या मॅककोम्बच्या गालावर तत्क्षणी व्रण उमटतो. हा एका रुळाचा नियम. त्याप्रमाणे वॉकरच्या डोक्यातही मुलाचं बारसं, शाळा, गोवर, सगळं उमटायला हवं.

पद्धत दुसरी: फाटा. तुम्ही कसाऱ्याहून उलटे कल्याणला आलात आणि कर्जतच्या गाडीत बसलात. कसारा कुठे गेलं नाही, तुम्ही फक्त तिथे नाही. डेव्हिड डॉइश यांनी १९९१मध्ये पुंज (क्वांटम) सिद्धांतातली अनेक विश्वं वापरून साधारण अशी सुटका मांडली. यात वॉकरला जुनं आठवतं, ते ठीक. पण मग कर्जतला एक वॉकर आधीपासून राहतोय, त्याचं काय?

सिनेमा खलनायकाला पहिला नियम लावतो आणि नायकाला दुसरा. पटकथेची ही सोय आहे, त्यात विज्ञान शोधू नका.

जाता जाता: स्टीफन हॉकिंग यांनी १९९२च्या निबंधात गमतीने लिहिलं होतं की कालप्रवास रोखणारी एक 'कालक्रम संरक्षण संस्था' निसर्गातच असावी, म्हणजे इतिहासकार निर्धास्त. टाइमकॉप आहेतच, फक्त ते निसर्गनियमांच्या नोकरीत आहेत.

कट्ट्यावरचा

मग कर्जतच्या वॉकरचं उत्तर सोपं आहे की. आपला वॉकर खात्याच्या गाडीतून परत येतो ना? म्हणजे त्या दिवशी त्या खात्यातून कुणीतरी निघालं होतं. तो दुसरा वॉकर. सकाळी बायकोला, पोराला टाटा करून ड्यूटीवर गेला. परतताना गाड्यांची अदलाबदल झाली. तो आता कसाऱ्याला आहे. रिकाम्या फ्लॅटमध्ये.

वक्रावकाश

हे तर्काला धरून आहे. मुलाला सांगू नका.

दंतकथा

पेशाने डेंटिस्ट, म्हणून राहवत नाही. "एकच द्रव्य" म्हणजे काय? शरीरातले बरेचसे अणू दहा वर्षांत बदललेले असतात. दातांचं इनॅमल मात्र एकदा तयार झालं की पुन्हा बनत नाही. त्यामुळे खांद्याला खांदा लागला तर फारसं बिघडू नये. दातावर दात आपटला तर काळजी.

पेठेतला

नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचायला द्या त्याला. तिथे पंत मराठे पानिपत जिंकलेल्या जगात जाऊन येतात, आणि खिशात बखरीचं फाटकं पान पुरावा म्हणून उरतं. फाटा म्हणजे काय ते पोराला आपल्या मातीतून कळेल.

सुरंगी

मला यातलं विज्ञान कळत नाही. आमचे हेही जहाजावर होते, एकदा गेले की सात-आठ महिने. एका खेपेला सिंगापूरहून मुलासाठी बूट आणले. भारीतले. दोन नंबर लहान. गेले तेव्हाचं माप डोक्यात होतं. मुलाने बोटं आखडून ते घातले आणि घरभर फिरला. रात्री मी मोजे काढले तेव्हा अंगठ्याला फोड.

एवढंच आठवलं.

रिकामा_मामा

सगळ्यांचे आभार. वृत्तांत देतो.

कल्याण-कर्जत-कसारा फारच आवडलं. पाठकोऱ्या कागदावर रूळ काढून झाले, कर्जतच्या टोकाला घर, घरात तीन माणसं. कसाऱ्याचं टोक कोरं होतं. कट्ट्यावरचा यांचं उत्तर मी लपवलं होतं, पण पठ्ठ्याने दुपारी स्वतःच तिथे एक माणूस काढला.

सुरंगीताई, तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवू की नको, यावर ताई आणि मी बराच वेळ घातला. शेवटी तिनेच वाचून दाखवला. त्याने विचारलं, बूट परत केले का? आणि मग कागदाकडे बघत म्हणाला, "वॉकरने पहिल्या दिवशी काही विचारायचं नाही. फ्रिजवरचं टाइमटेबल वाचायचं. त्यावर नाव असतं, तुकडी असते, सगळं असतं. बाबा तेच करतो."

ताई उठून आत गेली.

अबोला मिटलाय. आता साहेबांना दुसरा भाग हवाय, २००३चा, बर्लिनवाला. त्यात व्हॅन डॅम नाही, जेसन स्कॉट ली आहे. कुणी पाहिलाय का? दाखवण्यालायक आहे का, आणि रिमोट कुठे कुठे हातात धरावा लागेल, तेवढं सांगा.