मदत हवी आहे: चढासाठी गियर बदलू की सायकलचं रूप जपू?

मंडळी, मी बेळगावात टिळकवाडीला राहतो. गेल्या महिन्यात सेकंड हँड रोड सायकल घेतली. स्टीलची फ्रेम, सडपातळ नळ्या, वरची नळी अगदी आडवी, गडद निळा रंग. दारात लावली की मीच दोनदा वळून बघतो.

घोडं अडलंय चढावर. पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या, मागे शिमानो कंपनीची क्लारिस, ८ स्पीडची ११-२८ कॅसेट (म्हणजे मागच्या चाकावरचा ११ ते २८ दातांच्या चकत्यांचा संच). राजहंसगडाच्या शेवटच्या चढाला सगळ्यात हलक्या गियरवरसुद्धा उभं राहून पॅडल मारतो, गुडघे कुरकुरतात. आणखी हलक्या गियरसाठी ११-३२ टाकायची म्हटलं तर मेकॅनिक म्हणतो, मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) आखूड पिंजऱ्याचा आहे, म्हणजे साखळी ताणून धरणारा त्याचा खालचा भाग आखूड आहे, लांब पिंजऱ्याचा घ्या. पण तो चाकाशी खाली लोंबतो हो! कुणी बसवलाय काय? फोटो टाका की.

टायरचंही सांगा. २५ मिमी रुंदीच्या टायरवर जांबोटी रोडला हात बधिर होतात. तपकिरी कडेचे २८ मिमी रिम ब्रेकच्या कॅलिपरखाली (चाकाची कड दाबणाऱ्या चिमट्याखाली) घासतील काय? तुम्ही किती फट ठेवता?

पूर्ण काळे टायर सुचवू नका, त्या निळ्याला शोभत नाहीत. आणि कार्बनची सायकल घे म्हणूही नका, बायको इथलं वाचते.