‘मेजर रिव्हिजन’ आले आहे आणि पोस्टडॉकचे अर्जही तोंडावर आहेत: सुधारणा करावी की नियतकालिक बदलावे?

अर्धाप्रबंध:

नमस्कार. माझे पीएच.डी.चे काम संपत आले असून अर्धवाहक पदार्थाच्या पातळ थरांतील विद्युतवहनावरचा माझा पहिला मोठा शोधनिबंध ‘मेजर रिव्हिजन’ (मोठ्या सुधारणा करून पुन्हा पाठवा) असा शेरा घेऊन परत आला आहे. पहिल्या परीक्षकाने दोन आलेखांवर एरर बार (मोजमापातील अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघा) मागितले आहेत आणि काही विधाने सौम्य करण्यास सांगितले आहे. तेवढे लवकर होईल. दुसऱ्या परीक्षकाचे म्हणणे असे की कमी तापमानाला मोजमापे घ्यावीत आणि सगळा प्रयोग वेगळ्या सबस्ट्रेटवर (ज्यावर पातळ थर बसवतात त्या आधारावर) पुन्हा करावा, म्हणजे नमुने बनवण्यापासून सुरुवात आली. या भानगडीत न पडता निबंध दुसरीकडे पाठवावा, असे गाइडचे मत आहे. त्यातच एका विशेषांकाचे ईमेल आले असून तिथे दोन आठवड्यांत निर्णय देण्याचे आश्वासन आहे. शिवाय कमी तापमानाची मोजमापे करून देऊ शकणारा सहकारी संयुक्त प्रथम लेखकत्व (लेखकांत माझ्या बरोबरीने पहिले स्थान) मागत आहे. काय करावे?

जुना_परीक्षक:

मी काही वर्षे नियतकालिकाच्या संपादनाचे काम केले आहे, त्या अनुभवावरून सांगतो. परीक्षकांचे अहवाल बाजूला ठेवून आधी संपादकांचे पत्र पुन्हा वाचावे. निर्णय संपादक घेतात, परीक्षक केवळ शिफारस करतात. आणि ज्या संपादकाला निबंध नको असतो तो सहसा नकार कळवून मोकळा होतो, सुधारित आवृत्तीचे काम स्वतःच्या मागे लावून घेत नाही. पत्रात त्यांनी एखादा मुद्दा आवर्जून मांडला असेल, तर खरी अट ती समजावी. पत्र साचेबद्ध असेल, तर ‘कमी तापमानाची मोजमापे देऊ, मात्र सबस्ट्रेटच्या बाबतीत दाव्याची व्याप्ती मर्यादित करू, हे चालेल का?’ अशी चार ओळींची विचारणा करण्यात काहीही गैर नाही.

दुसऱ्या परीक्षकाच्या दोन मागण्या एका मापाने मोजू नयेत. सबस्ट्रेटची मागणी वरकरणी नव्या प्रयोगाची दिसते, पण मला ती दाव्याच्या व्याप्तीवरची हरकत वाटते. शीर्षकात किंवा सारांशात आपण ‘या पदार्थाचा गुणधर्म’ म्हणून काही सांगितले असेल आणि सगळे नमुने एकाच सबस्ट्रेटवरचे असतील, तर दिसलेला परिणाम सबस्ट्रेटमुळे थरात निर्माण झालेल्या ताणाचा नाही कशावरून, हा प्रश्न रास्तच आहे. तो प्रयोगाने सोडवता येतो, तसाच दावा आवरूनही सोडवता येतो. कमी तापमानाचे मात्र तसे नाही. विद्युतवहन अमुक एका यंत्रणेने होते असे आपण ठामपणे लिहिले असेल, तर तापमानानुसार वाहकता कशी बदलते हे दाखवल्यावाचून सुटका नाही, आणि हा निबंध कुठेही पाठवला तरी तिथे कोणीतरी ते विचारणारच. विषय लहान असेल तर तो ‘कोणीतरी’ पुन्हा हाच परीक्षक असण्याची शक्यता मोठी असते. आपल्या सूचना डावलून तेच हस्तलिखित समोर आलेले पाहून त्याचे मत काय होईल, हे सांगायला नको.

उत्तरपत्रात परीक्षकाचा प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवून त्याखाली आपले उत्तर द्यावे आणि बदल नेमका कुठे केला ते सांगावे. उदाहरणार्थ: ‘ही हरकत आम्हांला मान्य आहे. वेगळ्या सबस्ट्रेटवरील नमुने आमच्याकडे नसल्याने निष्कर्ष सध्याच्या नमुन्यांपुरता मर्यादित केला असून त्यानुसार शीर्षक, सारांश आणि पृष्ठ ७ वरील दुसरा परिच्छेद बदलला आहे.’ ‘परीक्षकांनी आमचा निबंध नीट वाचलेला नाही’ हे वाक्य मनात कितीही आले तरी कागदावर येऊ देऊ नये. त्यांना समजले नसेल तर बहुतेक वेळा तो परिच्छेदच धूसर असतो.

तळटीप:

वरील उत्तराशी सहमत आहे. पोस्टडॉकच्या (पीएच.डी.नंतरच्या संशोधनपदाच्या) अर्जांपुरती भर घालतो. नियतकालिकाच्या धोरणात बसत असेल तर निबंध प्रीप्रिंट (नियतकालिकात छापून येण्याआधी सर्वांसाठी खुली केलेली प्रत) म्हणून आजच प्रसिद्ध करावा. भौतिकशास्त्रात आर्काइव्ह (arXiv) या प्रीप्रिंटच्या संकेतस्थळावर निबंध ठेवण्याची प्रथा १९९१ पासूनची आहे, त्यामुळे आपल्या विषयात कोणी भुवया उंचावणार नाही. फक्त, आर्काइव्हवरची जुनी आवृत्ती पुसली जात नाही, म्हणून दावा आवरलेली आवृत्तीच तिथे ठेवावी. संशोधकाला नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातील निबंधांचा इतरत्र सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो त्या आकड्यावरून) जोखू नये, अशी भूमिका २०१२ च्या बैठकीतून आलेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने घेतली आहे. सर्वच निवड समित्यांनी ती मनावर घेतलेली नाही, हेही खरे. तरीही समितीतल्या व्यक्तीला प्रत्यक्ष उघडून वाचता येणारा निबंध ‘पाठवला आहे’ एवढ्या शेऱ्यापेक्षा नक्कीच अधिक उपयोगी पडतो.

विशेषांकाच्या ईमेलबद्दल माझे मत कडक आहे. योग्य परीक्षक शोधून त्यांचा होकार मिळवण्यातच कित्येकदा दोन आठवडे जातात; निर्णयाची तारीख आधीच सांगणारा परीक्षणाबद्दल काय सांगत असतो, ते ओळखावे. अतिथी संपादक आपल्या विषयातले आहेत का, प्रकाशनशुल्क किती आहे आणि नियतकालिक डीओएजेच्या (DOAJ, खुल्या नियतकालिकांच्या निर्देशिकेच्या) सूचीत आहे का, एवढे तरी पाहिल्याशिवाय उत्तर देऊ नये.

दुसरीबाजू:

गाइडचे म्हणणे अगदीच टाकाऊ ठरवू नये. कमी तापमानाच्या उपकरणासाठी रांग असेल आणि मोजमापे अर्जांच्या मुदतीनंतरच हाती येणार असतील, तर दाव्याला साजेशा, अधिक विशेष विषयाच्या नियतकालिकाकडे जाणे हा पळपुटेपणा नव्हे. मात्र तसे ठरल्यास आधी निबंध रीतसर मागे घ्यावा, संपादकांकडून लेखी पोच येऊ द्यावी आणि मगच दुसरीकडे पाठवावा. एकच निबंध एकाच वेळी दोन ठिकाणी असणे हा प्रकाशननीतीचा भंग समजला जातो, आणि ते उघड झाल्यास दोन्हीकडची दारे बंद होऊ शकतात.

सहकाऱ्याबद्दल: मोजमापे घेऊन त्यांचा अर्थ लावण्यात आणि लेखनात त्याचा वाटा असेल, तर लेखकांत नाव हवेच. संयुक्त प्रथम लेखकत्व ही मात्र वेगळी गोष्ट आहे. नमुने, मूळ कल्पना आणि मसुदा आपला असताना एका आलेखापोटी ते देणे मला पटत नाही. क्रेडिट (CRediT) या लेखकांच्या कामाच्या वर्गीकरणात योगदानाच्या १४ भूमिका दिल्या आहेत. त्यांपैकी कोणती कोणाची हे उपकरणाला हात लावण्यापूर्वी गाइडसमोर लिहून ठरवावे, कारण निकाल चांगला आला की प्रत्येकाला आपला वाटा मोठा दिसू लागतो.

अर्धाप्रबंध:

सर्वांचे आभार. संपादकांच्या पत्रात कमी तापमानाचा उल्लेख आहे, सबस्ट्रेटचा नाही. हे माझ्या लक्षातच आले नव्हते. विचारणेचे ईमेल गाइडना दाखवून पाठवतो. बायोडेटामध्ये या निबंधाची नोंद कशी करावी?

तळटीप:

प्रकाशित निबंधांच्या यादीत मिसळू नये. ‘प्रीप्रिंट’ असे वेगळे उपशीर्षक देऊन लेखकांची नावे, शीर्षक, वर्ष, दुवा आणि पुढे ‘सुधारित आवृत्ती तयार होत आहे’ असे लिहावे. स्वीकृती येईपर्यंत नियतकालिकाचे नाव घालू नये.