रामसे बंधूंना ‘हसायला बरे’ म्हणणं आता पुरे

पिटातला प्रेक्षक
भुताखेतांचे हिंदी सिनेमे काढणाऱ्या रामसे बंधूंचा विषय निघाला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. कुणीतरी ‘पुराना मंदिर’मधल्या सामरी राक्षसाचा फोटो टाकतो, खाली हसणाऱ्यांची रांग लागते आणि शेवटी एखादा शहाणा म्हणतो, “इतकं वाईट की मस्त!” हे कौतुक मला शिवीपेक्षा वाईट वाटतं. शिवी देणाऱ्याने निदान सिनेमा पूर्ण बघितलेला असतो.

जरा मागे जाऊ. फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आलेलं कुटुंब, वडील फतेहचंद यांचं रेडिओचं दुकान, सात मुलगे. १९७० साली त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ पडला. पण त्यातल्या एका प्रसंगात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा चढवून चोरीला येतात आणि तेवढ्यासाठी लोक थिएटरात येत होते. तुलसी आणि श्याम या दोन मुलांनी हे हेरलं: बाकीचा सिनेमा कुणाला नको, भीती हवी आहे.

त्याआधी वडिलांनी पोरांना काश्मीरला हाऊसबोटीवर नेऊन जोसेफ मास्सेली यांचं सिनेमॅटोग्राफीवरचं पुस्तक गिरवायला लावलं होतं. फिल्म इन्स्टिट्यूट नाही, गॉडफादर नाही. मग कामं वाटली गेली. कथा कुमार, कॅमेरा गंगू, ध्वनी किरण, संकलन अर्जुन, निर्मितीची धावपळ केशू, दिग्दर्शन तुलसी-श्याम. १९७२ चा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरला सरकारी विश्रामगृहात राहून उरकला. चाळीस दिवस आणि साडेतीन लाख, हा त्यांनी स्वतः सांगितलेला हिशोब. आज एवढ्यात कुणी ट्रेलर तरी करून दाखवावा.

माझं म्हणणं इतकंच, की या लोकांकडे कारागीर म्हणून बघा. विदूषक म्हणून नको.

उसाचा फड
कष्टांबद्दल आदर आहेच. पण कष्ट झाले म्हणून सिनेमा चांगला होत नाही, नाहीतर आपल्याकडचा प्रत्येक सिनेमा महान ठरला असता.

‘महाकाल’ बघा. ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ हा हॉलिवूडचा भयपट उचलला, खुन्याच्या सुऱ्यांच्या पंजासकट उचलला आणि मध्ये जॉनी लिव्हरला सोडून दिलं. याला कारागिरी म्हणायचं का? आणि बायकांचं काय? नायिकेला अंघोळ घातल्याशिवाय यांचं भूत जागं होत नाही. ‘पुराना मंदिर’चा शापच बघा: राजाने सामरीचं मुंडकं उडवलं, म्हणून राजाच्या वंशातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरणार. भांडण दोघा पुरुषांचं आणि मरायचं बायकांनी. हा मुद्दा सिनेमाला कळला असता तर मी टोपी उडवली असती. त्याला तो कळलेलाच नाही.

तांत्रिक बिघाड
(माझ्या टोपणनावावरून हसू नका, धाग्याला शोभतंय.)

फडसाहेब, कथेचं तुमचं बरोबर. पण मी लाइटवाल्यांच्या बाजूने बोलतो. दिव्यांवर निळे, हिरवे, लाल कागद लावून, धूर सोडून, एकाच हवेलीच्या एकाच जिन्यातून गंगू रामसे चार वेगवेगळ्या रात्री काढतात. पैसे नसताना अंधार वापरायचा असतो, हे त्या काळच्या मोठ्या बॅनरवाल्यांना जमत नव्हतं. त्यांच्या सिनेमात रात्रसुद्धा दुपारसारखी लख्ख असायची.

‘पुराना मंदिर’मधला जगदीपचा मच्छरसिंग मात्र मलाही सहन होत नाही. ‘शोले’ची नक्कल सुरू झाली की भुताला बिचाऱ्याला ताटकळत बसावं लागतं. पण तो काळ तसाच होता. छोट्या गावात तिकीट काढणाऱ्याला एका तिकिटात गाणं, मारामारी, विनोद, सगळं लागायचं. राजस्थानी थाळीत गुलाबजाम का, असं विचारण्यात अर्थ नसतो.

मधली सुट्टी
मी जरा दोघांच्याही मध्ये येते. पडद्यावरच्या बाईबद्दल फड म्हणतात ते खरं. पण ‘वीराना’ आठवा. त्यात भीती जिची वाटते ती बाईच आहे आणि पुरुष एकापाठोपाठ एक तिच्या जाळ्यात चालत जातात. मुलगी म्हणून बघताना ते मला आवडलं होतं, आजही आवडतं. दिग्दर्शकांच्या मनात ते होतं की नाही, याच्याशी मला देणंघेणं नाही.

आणि १९९३ साली टीव्हीवर रामसेंचा ‘झी हॉरर शो’ सुरू झाला तेव्हा आमच्या घरात तो बघायला मनाई होती. म्हणजे अख्ख्या चाळीने बघितला.

उसाचा फड
मधली सुट्टी, ‘वीराना’चा मुद्दा मान्य, पण त्या बाईला मारूनच सिनेमा संपतो ना?

आणखी एक खटकतं. सामरी झालेले अजय अगरवाल शिकलेले इंजिनिअर. उंची आणि चेहऱ्याची ठेवण वेगळी, एवढ्यावर त्यांना राक्षस केलं. ‘बंद दरवाज़ा’त पुन्हा तेच. वेगळा दिसणारा माणूस म्हणजे सैतान, ही शिकवण कुणी दिली?

पिटातला प्रेक्षक
ती शिकवण अख्ख्या इंडस्ट्रीची. याच अगरवालांना ‘बँडिट क्वीन’सारख्या प्रतिष्ठित सिनेमात कोणतं काम मिळालं? बाबू गुज्जर या क्रूर डाकूचं. तिथे कुणी हरकत घेतली नाही, कारण तो सिनेमा परदेशी महोत्सवांत गेला होता. रामसेंनी निदान त्यांच्या नावावर सिनेमे विकले. ‘पुराना मंदिर’ चालल्यावर पुढच्याच वर्षी थ्रीडीत ‘सामरी’ काढला, राक्षसाचं नाव शीर्षकात. हिरो कोण होता ते आज किती जण सांगतील?

उसाचा फड
ठीक. मग उपेक्षितांचंच कौतुक करायचं तर घरापासून करा. ‘लपाछपी’ (२०१७) घ्या. उसाच्या फडातलं एकटं घर, गरोदर बाई आणि स्त्रीभ्रूणहत्या. भूत आपल्या मातीतलं, पापही आपल्याच मातीतलं. विशाल फुरिया यांनी तोच सिनेमा २०२१ मध्ये हिंदीत ‘छोरी’ म्हणून केला, तेव्हा कुठे लोकांचं लक्ष गेलं. आणि ‘तुंबाड’? भयकथाकार नारायण धारपांचा वारसा सांगणारा सिनेमा २०१८ साली थिएटरातून कधी उतरला ते कळलंही नाही.

मधली सुट्टी
‘तुंबाड’ आता उपेक्षित कसला! २०२४ ला परत लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावले. उपेक्षित म्हणाल तर ‘हा खेळ सावल्यांचा’. ‘काजळ रातीनं’ सगळ्यांना पाठ, सिनेमा बघितलेला माणूस शोधून दाखवा.

उसाचा फड
मी बघितलाय. (नावावरून वाटलं असेल तुम्हाला मी फक्त शेतीच करतो.)

तांत्रिक बिघाड
एक विसरतोय आपण. रामसेंवर हसणारे बहुतेक जण काय बघून हसतात? सीडीवरून कॉपी केलेली, रंग उडालेली, कडा कापलेली, नेटवर टाकलेली चोरटी प्रत. ज्या सिनेमाचा जीवच रंगीत प्रकाशात आहे, त्यातला निळा तिथे राखाडी दिसतो आणि काळ्याचा चिखल होतो. ‘मोंडो मकाब्रो’ या परदेशी कंपनीने त्यांच्या डीव्हीडी काढल्या, म्हणून तिकडचे हॉररवाले त्यांच्याबद्दल आपल्यापेक्षा गंभीरपणे बोलतात. आपल्याकडे तुलसी २०१८ ला गेले, श्याम २०१९ ला, तेव्हा दोन दिवस मीम्स फिरली. आधी एकेक स्वच्छ प्रिंट थिएटरात लावा, मग हसा.

पिटातला प्रेक्षक
याला माझं अनुमोदन. ‘दरवाज़ा’पासून सुरुवात करावी.

उसाचा फड
लावा. मी तिकीट काढून येईन. फक्त प्रिंट स्वच्छ केली की संवादही स्वच्छ ऐकू येतात, एवढं लक्षात असू द्या.