जपानात दोघांनी इंग्रजी शिकवायचं, तर संसार कसा लावायचा? (अनुभव धागा)

जपानी शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे डिसेंबरपासूनच विचारणा सुरू होते: नवरा-बायको दोघंही शिकवायला जातोय, किंवा एकाला नोकरी आणि दुसरा सोबत, काय तयारी करू? नोकरी कशी मिळवायची यावर बरंच लिहिलं जातं. पोचल्यावरचा रोजचा दिवस कसा चालतो, यावर फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा. आकडे, क्रम, तारखा आणि कुठे अडतं ते लिहा. कौतुक आणि तक्रारी दुसरीकडे.

सायतामा, सरकारी प्राथमिक शाळा

सुरुवात व्हिसापासून करते, कारण मराठी माध्यमातून शिकलेल्यांना इथे मोठी अडचण येते. सरकारी शाळेत सहायक शिक्षक, म्हणजे एएलटी, व्हायला 'शिक्षक' वर्गाचा व्हिसा लागतो. त्यासाठी किमान 12 वर्षांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेलं असावं लागतं. दहावीपर्यंत मराठी आणि पुढे अकरावी ते पदवी इंग्रजीतून, अशी बेरीज 5 किंवा 6 वर्षांवरच थांबते. अशांनी एइकाइवा, म्हणजे खाजगी इंग्रजी संभाषण वर्गांकडे वळावं. त्यांचा व्हिसा 'मानव्यविद्या आणि आंतरराष्ट्रीय सेवा' या वर्गात येतो. त्याला पदवी लागते, 12 वर्षांची अट नाही. शाळा-कॉलेजकडून माध्यमाचा दाखला भारतातच घेऊन ठेवा, नंतर तिकडून मागवण्यात महिने जातात.

हे दोन वर्ग वेगळे आहेत, हेही लक्षात ठेवा. शाळेच्या व्हिसावर असताना संध्याकाळी एइकाइवात शिकवायचं असेल, तर आधी इमिग्रेशनची परवानगी काढावी लागते.

ओसाका

कागदांचा क्रम चुकला की सगळं अडतं. मोठ्या विमानतळांवर उतरताच रेसिडेन्स कार्ड हातात मिळतं, पण पत्त्याची जागा कोरी असते. राहायची जागा ठरल्यापासून 14 दिवसांत महापालिकेच्या किंवा वॉर्डच्या कचेरीत जाऊन पत्ता नोंदवायचा. आधी पत्ता, मग फोन नंबर, मग बँक, मग पगाराचं खातं. हा क्रम उलटा होत नाही, कारण बँक फोन नंबर मागते आणि फोनवाले पत्ता असलेलं कार्ड मागतात.

पत्ता नोंदवायला दोघांनी एकत्रच जा आणि विवाह नोंदणी दाखला, त्याच्या जपानी भाषांतरासकट, सोबत न्या. भाषांतर तुम्ही स्वतः केलं तरी चालतं, खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव आणि तारीख हवी. दाखला नसेल, तर कुटुंबाच्या नोंदीत पती-पत्नी हे नातं लागत नाही. पुढे आरोग्य विमा आणि कराच्या सवलतीसाठी हीच नोंद पुन्हा पुन्हा मागितली जाते.

आता आपल्या नावांचं. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं असतात, आणि कार्डावर ती सगळी येतात. बँकेच्या फॉर्मवर तेच नाव काताकाना लिपीत, ठरावीक चौकटींत बसवायचं असतं. 'गायकवाड' काताकानात सहा चिन्हांचं दिसतं, पण बँकेच्या अर्ध्या रुंदीच्या लिखाणात आठ घरं खातं. कारण 'ग' हा 'क'वर दोन बारीक रेघा देऊन लिहितात आणि त्या रेघांना वेगळं घर लागतं. शेवटच्या 'ड'चंही तसंच. घरं संपली की कारकून नाव कुठेतरी तोडतो. मग पगार ज्या नावाने येतो आणि खातं ज्या नावाने आहे त्यात फरक पडतो, आणि पैसे परत जातात. पहिल्याच दिवशी एक स्पेलिंग ठरवा, कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि बँक, विमा, भाडेकरार, शाळा सगळीकडे तेच द्या.

नागोया, जोडीदार डिपेंडंट व्हिसावर

डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरी असलेल्याच्या सोबत राहायच्या व्हिसावर, थेट काम करता येत नाही, वेगळी परवानगी काढावी लागते आणि ती आठवड्याला 28 तासांपर्यंतच असते. आठवडा सोमवारचा धरायचा की बुधवारचा, असा प्रश्नच नाही: कुठल्याही दिवसापासून सात दिवस मोजले तरी 28च्या आत बसलं पाहिजे. शनिवार-रविवार जास्त तास घेऊन पुढचा आठवडा रिकामा ठेवला, तर इथेच चूक होते. घरी खाजगी शिकवण्या किंवा कंत्राटी काम करायचं असेल, तर या सरसकट परवानगीवर भागत नाही; तास मोजता येत नाहीत म्हणून त्या कामाची स्वतंत्र परवानगी लागते.

दुसरी मर्यादा पैशांची. जोडीदाराच्या कंपनीच्या विम्यावर राहायचं, तर वर्षाची मिळकत 13 लाख येनच्या आत हवी. तासाला 1200 येन धरा: 28 तास, 52 आठवडे, म्हणजे जवळजवळ साडेसतरा लाख. परवानगीत बसलात तरी विम्यातून बाहेर पडता, आणि स्वतःचा विमा आणि पेन्शन भरताना वाढीव कमाईचा मोठा भाग जातो. तास ठरवायच्या आधी हा हिशेब करा.

सेंदाई

दोघांनाही नोकरी मिळणार असेल, तर पगाराआधी वेळापत्रक विचारा. शाळेची नोकरी सोमवार ते शुक्रवार, सकाळी 8 ते दुपारी साडेचार-पाच. एइकाइवा बहुतेक दुपारी 12-1 ते रात्री 9, आणि अनेक ठिकाणी मंगळवार ते शनिवार. एकाने हे आणि दुसऱ्याने ते घेतलं, तर आठवड्यात एकत्र मिळतो तो फक्त रविवार. थोडा कमी पगार चालेल, पण दोघांनी एकाच प्रकारची नोकरी घ्यावी, हे माझं ठाम मत आहे.

एजन्सीमार्फत शाळेत जात असाल, तर ऑगस्ट, डिसेंबर आणि मार्चचा पगार पूर्ण मिळतो का, हे करारात वाचा. सुट्ट्यांच्या महिन्यांत पगार कापणारे करार सर्रास असतात. दोघांचीही एजन्सी तशीच असेल, तर घरभाडं एकाच महिन्यात दोन्हीकडून अडतं.

सायतामा (पुन्हा)

वर्गातलं थोडं. 2020पासून तिसरी-चौथीला वर्षाला 35 तास आणि पाचवी-सहावीला 70 तास इंग्रजी आहे. तास 45 मिनिटांचा. वर्गशिक्षक वर्गात असतातच, तुम्ही सहायक. आदल्या दिवशी त्यांना एका कागदावर मिनिटांसकट आराखडा द्या, नाहीतर ऐनवेळी दोघंही एकमेकांची वाट बघत उभे राहतात.

आपल्या मराठी तोंडाची एक सवय आधी मोडा. आपण 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हींना 'व' म्हणतो. जपानी मुलं 'व्ही'ला 'ब' म्हणतात, त्यांचं 'व्हेस्ट' हे 'बेस्ट' होतं. त्यांना फरक दाखवायचा, तर तो आपल्या ओठांवर दिसला पाहिजे. 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवून घसटता आवाज. 'डब्ल्यू'ला दात कुठेच नाहीत, ओठ शीळ घालायला गोल करतो तसे. मुलांना छोटे आरसे द्या. कानाने जे महिनाभर कळत नाही, ते आरशात पाच मिनिटांत कळतं. तसंच शब्दाच्या शेवटी स्वर चिकटवायची सवय: 'कॅट'चं 'क्यात्तो'. टाळ्या वाजवून घ्या, 'कॅट'ला एकच टाळी.

शाकाहारींसाठी: शाळेच्या जेवणात मांस दिसलं नाही तरी सूपमध्ये, भाजीत बोनितो माशाचा दाशी, म्हणजे उकळून काढलेलं पाणी, असतो. बाजूला काढून खाण्यासारखा तो नसतो. जेवणाचे पैसे महिन्याचे आधी घेतात, म्हणून एप्रिल सुरू व्हायच्या आधी बंद करायला सांगा आणि डबा न्या.

हामामात्सु

स्वयंपाकघर. वीज 100 व्होल्ट. भारतातला 750 वॉटचा मिक्सर इथे नुसता गुरगुरतो. व्होल्टेज वाढवणारा 1500 वॉटचा ट्रान्सफॉर्मर घेतला तर चालतो, पण भिंतीतल्या पॉइंटची मर्यादाच 1500 वॉट, त्यामुळे त्यावर दुसरं काही लावू नका. त्यापेक्षा अमेरिकेसाठी बनवलेला 110 व्होल्टचा मिक्सर आणा. थोडा मंद फिरतो, पण दाण्याचा कूट, खोबऱ्याचं वाटण नीट होतं. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही, तेव्हा घर बघतानाच शेगडी गॅसची की इंडक्शनची ते विचारा. गॅस असेल, तर नळाचा की सिलिंडरचा तेही. सिलिंडरचा महाग पडतो आणि शेगडी अदलाबदल करता येत नाही. गॅस सुरू करायला कंपनीचा माणूस येतो, तेव्हा कुणीतरी घरी असावंच लागतं.

जोडणी 30 अँपिअरची असेल, तर एकूण 3000 वॉट. एसी, मायक्रोवेव्ह आणि किटली एकदम लावली की मेन स्विच पडतो. आधी भात, मग चहा.

कुमामोतो

भूकंपाबद्दल दोनच गोष्टी, पण त्या दोघांनाही पाठ हव्यात.

मोठा धक्का बसला की गॅसचा मीटर आपोआप बंद होतो. घरातली सगळी गॅसची बटणं बंद करा, गॅसचा वास नाही ना बघा. मीटरवरच्या रिसेट बटणाचं टोपण काढा, बटण आत दाबून सोडा. लाल दिवा लुकलुकतो. तीन मिनिटं गॅसला हात लावू नका. दिवा थांबला की सुरू. थांबला नाही, तर गळती असू शकते, कंपनीला बोलवा.

दोघं वेगवेगळ्या शाळांत असताना फोन लागत नाहीत. तेव्हा 171, म्हणजे आपत्तीत निरोप ठेवायची फोनवरची सोय. निरोप ठेवायला 171 आणि मग 1, ऐकायला 171 आणि मग 2, पुढे दोघांनी आधी ठरवलेला एकच फोन नंबर. निरोप 30 सेकंदांचा. दर महिन्याच्या 1 आणि 15 तारखेला सरावासाठी ही सोय खुली असते. एकदा दोघांनी करून बघा.

ओसाका (पुन्हा)

परत जाताना. रहिवासी कर आदल्या वर्षाच्या मिळकतीवर, साधारण 10 टक्के, जूनपासून पुढच्या मेपर्यंत घेतात. पहिल्या वर्षी तो नसतो म्हणून पगार जास्त वाटतो. ऑगस्टमध्ये आलात, तर पुढच्या जूनला फक्त पाच महिन्यांच्या मिळकतीवर, आणि त्याच्या पुढच्या जूनला पूर्ण वर्षावर. 1 जानेवारीला इथे पत्ता असेल, तर देश सोडला तरी त्या वर्षीचं बिल द्यावं लागतं.

पेन्शनचे पैसे परत मिळतात: किमान 6 महिने भरलेले हवेत, देश सोडल्यापासून 2 वर्षांत अर्ज, आणि मोजणी जास्तीत जास्त 60 महिन्यांची. कंपनीच्या पेन्शनमधून 20.42 टक्के कर कापून पैसे येतात. तो कर परत मागायला जपानात राहणारा प्रतिनिधी लागतो. त्याची नेमणूक निघण्याआधी कर कचेरीत एका फॉर्मवर करून जा. अर्ज दोघांचे वेगळे. डिपेंडंट म्हणून जोडीदाराच्या पेन्शनखाली मोफत नोंद झालेल्याला परत काही मिळत नाही, कारण हप्तेच भरलेले नसतात. आणि 1 ऑक्टोबर 2016पासून भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार लागू आहे. त्यात दोन्हीकडची वर्षं जोडता येतात, पण एकदा पैसे काढले की जपानातली वर्षं पुसली जातात. भारतात पुढे ईपीएफओखालची नोकरी करायची असेल, तर हे दोघांनी बसून आधी ठरवा.