उत्पन्न नव्हे, बचत म्हणा

"गच्चीवर ३ किलोवॉटची सौर पॅनेल बसवा आणि वीज विकून दरमहा कमवा" असा सल्ला वाचून राहवलं नाही. आमच्या नाशिकच्या गच्चीवर तेवढीच सौर यंत्रणा आहे, म्हणून लिहितो.

१ किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरा. म्हणजे ३ किलोवॉटला महिन्याला साधारण ३५०. पण ही वर्षाची सरासरी झाली. मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला १४-१५ युनिट सहज दिसतात, जुलै-ऑगस्टच्या झडीत ५-६ वर येतात. मे महिन्यात ऊन सर्वात कडक, तरी पॅनेल तापल्यामुळे वीज उलट थोडी कमीच बनते. धुळीचंही तसंच, आम्ही पंधरा दिवसांनी भल्या सकाळी धुतो.

आता पैशाचं. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करण्याच्या पद्धतीत, जादा युनिट पुढच्या बिलात वळते होतात, ३१ मार्चला उरलेले मात्र वीज कंपनी बऱ्याच कमी दराने घेते. त्यामुळे गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवून कमाई होत नाही. खरा फायदा वाचलेल्या युनिटचा, आणि तोही वरच्या स्लॅबमधल्या, म्हणजे जास्त वापरावर चढ्या दराने लागणाऱ्या, महागड्या युनिटचा. ज्यांचं बिल महिन्याला १०० युनिटच्या आतच असतं त्यांनी घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. स्थिर आकार तर शून्य वापरालाही भरावाच लागतो.

केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, त्याने खर्च बराच हलका होतो. आधी मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा, मगच किलोवॉट ठरवा.