अनुभव धागा: आठवड्याचा बाजार आणि घरखर्चाचा हिशोब (गोवा)

कुळागर_म्हार्दोळ
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) दुकानं लागली आणि जुन्या पिढीची हिशोबाची वही आठवली. त्या वहीत चारच रकाने असत: तांदूळ, नारळ, नुस्तें (मासळी), बाकी. आज आपण किराण्याच्या बिलावर डोळा ठेवतो. पण डाळ, साखर, चहा महिन्याला तेवढेच लागतात, त्यात फार फरक पडत नाही. पैसा जातो तो मासळीत आणि रोजच्या सुट्या खरेदीत: पाव, दूध, नारळ, कोथिंबीर. म्हणून आठवड्याचा हिशोब मासळीपासून सुरू करावा असं माझं ठाम मत आहे.

चार माणसांच्या घराचा नमुना देतो. भाव आपापल्या बाजाराप्रमाणे बदला.

सुका किराणा आणि तांदूळ महिन्याचा, त्याचे पैसे वेगळे. आठवड्याला हातात ३,००० रुपये. त्यातले मासळीला १,०००, भाजी-फळांना ६००, दुधाला ४२०, पावाला ३५०, पाच नारळांना २००, डझनभर अंड्यांना १००. उरतात ३३०, आणि ते उरलेच पाहिजेत. पाहुणा आला, गॅस संपला, टोमॅटो भडकला की याच पैशांवर भागतं.

महिन्याच्या रकमेला ४ ने भागू नका. वर्षाचे आठवडे ५२, म्हणजे महिन्याला ४.३३. १३,००० रुपये असतील तर आठवड्याला ३,०००. चारने भागलं तर ३,२५० येतात आणि पाच शुक्रवारांच्या महिन्यात शेवटचा आठवडा कोरडा जातो.

तुमच्या घरची पद्धत लिहा. नेमके आकडे द्या, म्हणजे नवीन संसार मांडणाऱ्यांना उपयोग होईल.

नुस्त्याची_पांटली
मासळीचा भाव किलोवर बघायचाच नाही, ताटात किती येतं त्यावर बघायचा. सुंगटां (कोळंबी) ४०० रुपये किलो असली तर डोकं-साल काढून निम्मी उरतात, म्हणजे खाण्याजोगा किलो ८०० ला पडला. इसवणाचे (सुरमईचे) तुकडे ७०० ला घेतले तर काटा-कातडी सोडून ९०० ग्रॅम तरी मिळतात, साधारण ७८० रुपये. म्हणजे महाग वाटणारं इसवण आणि स्वस्त वाटणारी सुंगटां एकाच भावाची. बांगडे २०० ला घेतले तर डोकं-पोट काढून ६०० ग्रॅम उरतात, ३३३ रुपये. तारले त्याहून स्वस्त. तिसऱ्यांचं तर बहुतेक वजन शिंपल्यांचंच. त्या हौसेच्या, त्यांच्यावर पोट भरायला जाऊ नका.

आठवड्यात दोनदा बांगडे किंवा तारले, एकदा सुंगटां भाजीत घालून (पाव किलोत चौघांचं होतं, दुधी किंवा मुळ्याबरोबर), एकदा मोठा मासा. १,००० रुपयांत बसतं.

वाटा घेताना वरचेच मासे बघू नका. खालचा एक उचलून कानपट उघडा. लाल हवं, तपकिरी नको. पोट दाबलं तर परत वर आलं पाहिजे.

सत्तरीकर
सत्तरी, डिचोलीकडे ताजी मासळी पोहोचेपर्यंत भाव चढलेला असतो. आमच्याकडे सुक्याचाच आधार जास्त. गालमो (सुकी बारीक कोळंबी), खारे बांगडे किती घेता सगळे?

बाय_साखळीची
संध्याकाळी मासळी स्वस्त मिळते ना, मी तर सहानंतरच जा म्हणेन सगळ्यांना.

नुस्त्याची_पांटली
@बाय_साखळीची, बर्फात असेल तरच गो बाय. बांगडे, तारले, सुरमई-इसवण ही जात उन्हात, बर्फाविना राहिली की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही. मग तोंड लाल होतं, अंगावर गांध्या उठतात, डोकं धरतं. लोक म्हणतात "बांगडा सोसला नाही". बांगडा सोसतो, बर्फ नव्हता हे कारण. संध्याकाळी घ्यायचं तर लेपो किंवा मुडदुशी घ्या, तेही थंडगार असेल तरच.

बाय_साखळीची
हे ठाऊक नव्हतं. देव बरें करूं.

फोंडा_वहिनी
घाईत लिहिते, कुकर लावलाय.

तांदूळ: दोन्ही वेळ भात खाणाऱ्या चौघांना माणशी एका वेळेला १२० ग्रॅम कच्चा धरा, दिवसाला साधारण एक किलो, आठवड्याला पावणेसात. सकाळी पाव असला की एवढा पुरतो. पेजेला उकडे वेगळे.

पाकीटबंद, लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या तांदूळ-डाळ-पिठावर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या मालाला नाही. २५ किलोच्या वरच्या पोत्यालाही नाही, म्हणूनच २६ किलोची पोती दिसतात. पण चौघांच्या घरात पावसाळ्यात २६ किलो सुरय (न उकडलेला) तांदूळ घेऊन त्याला किडे लागले तर वाचवलेला कर गेला. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला थोडाच घ्या. उकड्याला कीड कमी लागते, तो जास्त घेतला तरी चालतो.

रेशनकार्ड प्राधान्य गटातलं असेल तर महिन्याला माणशी ५ किलो धान्य मोफत आहे, ते आधी हिशोबात धरा. कितीतरी घरं ते उचलतच नाहीत. त्या तांदळाचे पोळे, घावणं, आंबोळ्या उत्तम होतात.

ओपा_खांडेपार
वहिनी, तेलाचं पण सांगा ना.

फोंडा_वहिनी
चौघांना महिन्याला २ लिटर, म्हणजे आठवड्याला अर्धा. अर्ध्या लिटरची बाटली सोमवारी भरायची आणि तीच वापरायची, डबा ओट्यावर ठेवायचा नाही. खरेदी करताना लिटर आणि किलोत गल्लत नको. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम. काही पिशव्या दिसायला लिटरच्या असतात आणि आत भरतं त्याहून कमी. पाकिटावर ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा दर छापणं आता बंधनकारक आहे. तोच आकडा शेजारी शेजारी ठेवून बघायचा, बाकी "वीस टक्के जादा" वगैरे वाचू नका.

मडगांव_नवीन_संसार
आम्ही दोघंच. ३,००० च्या निम्मे १,५०० धरू का?

कुळागर_म्हार्दोळ
नाही, तेवढ्यात ओढाताण होईल. चौघांच्या साठ टक्के धरा, १,८०० च्या आसपास. दोघांना नारळ अर्धा लागला तरी फोडावा पूर्णच लागतो, कोथिंबिरीची जुडीही अर्धी मिळत नाही. दोघांच्या घरात नासाडी हाच मोठा खर्च. भाजी आठवड्यातून दोनदा घ्या, एकदम नको.

केपेंचो_बागायतदार
नारळावर कोणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण गोव्याच्या घरात हा रोजचा खर्च आहे.

नारळ नगावर विकतात, पण घ्यायचा वजनावर. हातात दोन धरा. ५०० ग्रॅमचा ४० ला आणि ३५० ग्रॅमचा ३० ला असेल तर मोठाच स्वस्त. सोललेल्या नारळाच्या वजनात साधारण निम्मं खोबरं असतं. कानाशी हलवून पाणी वाजतं का बघा. पाणी काठोकाठ भरलेलं असून वाजत नसेल तर नारळ कोवळा, त्यात रस कमी. डोळे कोरडे हवेत. ओल किंवा पांढरी बुरशी असेल तर ठेवून द्या.

फोडल्यावर डोळ्याची कवड आधी वापरायची, ती लवकर खराब होते. दुसरी कवड पाण्यात उलटी नको, मीठ चोळून फ्रिजमध्ये. त्याहून बरं म्हणजे रविवारी तीन नारळ एकदम खवून वाटी-वाटीचे भाग फ्रीझरमध्ये ठेवणं. रस काढायला फ्रीझरमधलं खोबरं कोमट पाण्यात वाटलं तर दाट निघतो. गार पाण्यात वाटलं तर तूप वेगळं होऊन गोळे दिसतात.

आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी पंधरा दिवस नारळ घेऊन ठेवा, माटोळी (गणपतीवर टांगायची फळांची आरास) आणि नेवऱ्यांमुळे (करंज्यांमुळे) भाव चढतोच. न सोललेले, शेंडी वर करून, सावलीत.

पणजी_भाटले
नेवऱ्या म्हटल्यावर आत्ताच खाव्याशा वाटल्या 😀 काका, चवथीला यंदा किती नारळ लागतील हो दहा माणसांना?

केपेंचो_बागायतदार
@पणजी_भाटले, पाच दिवसांचा गणपती असेल तर पूजा, माटोळी, फोडायचे धरून तीस घ्या. दीड दिवसाला पंधरा पुरतात.

डिचोली_बुधवार
भाजीचं लिहितो. कांदा, बटाटा, टोमॅटो, कोबी, फरसबी: फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर. भाव फळ्यावर लिहिलेला असतो, बाहेरच्यापेक्षा कमी. सकाळी लवकर जा, दुपारनंतर टोमॅटो मऊ उरतात. पालेभाजी, मुळा, तांबडी भाजी, आगशीची वांगी, सात शिरांची भेंडी मात्र गावच्या बायांकडूनच. घासाघीस करू नका, जुडी मोठी मिळते आणि ताजी असल्यामुळे दोन दिवस जास्त टिकते.

आपली बहुतेक भाजी बेळगांवहून घाटातून येते. चोर्ला किंवा अनमोड घाटात दरड पडली की दुसऱ्या दिवशी भाव वर. जुलैत अशी बातमी आली की कोबी-फ्लॉवरच्या मागे न लागता तायखिळो (टाकळा), अळू, फागलां (करटुली) यावर चला. तायखिळो तर रस्त्याकडेला फुकट उगवतो (गटाराजवळचा नको), कोवळी पानंच घ्यायची, चण्याची डाळ आणि खोबरं घालून.

मये_तळें
तायखिळ्यात फणसाच्या आठळ्या घालतात आमच्याकडे. डाळीपेक्षा छान लागतात.

डिचोली_बुधवार
बरोबर. आठळ्या मे महिन्यात मातीत लोळवून ठेवल्या की श्रावणापर्यंत राहतात.

ओळमी_प्रेमी
ओळमी (रानातली अळंबी) यंदा आली का कुठे? भाव काय?

मये_तळें
अजून पाऊस कुठाय बाबा.

माई_शिरोडा
पुरुमेंत.
सोलां (आमसुलं): एका हुमणाला (नारळाच्या रसातल्या माशाच्या आमटीला) ४-५, म्हणजे ८-१० ग्रॅम. आठवड्याला पाच वेळा केलं तर ५० ग्रॅम, वर्षाला अडीच किलो. हाताला चिकट लागली तर ओली आहेत, वजनाला मीठ-पाणी विकतायत. वाकवली की दुमडावीत, पाणी सुटू नये.
मिरची: हुमणाला ८-१० ग्रॅम, मसाल्यासकट वर्षाला ३ ते साडेतीन किलो. रंगाला खोला, तिखटाला हरमलची थोडी. पावसाआधी तीन कडक उन्हं द्या, देठासकट ठेवा, देठ काढलेली लवकर पोखरते.
कांदा: माळेचा. मान वाळलेली हवी, मान ओली असली की आतून कुजतो. टांगून ठेवा. बटाट्याशेजारी कधीच नको, दोन्ही लवकर कोंब धरतात.

@सत्तरीकर, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, त्यात आठवड्याला दोनदा सुकं धरलं तर चौघांना गालमो एक किलो, खारे बांगडे २५-३० नग. घेताना वास घ्या, आंबूस आला तर परत द्या. खारे बांगडे मिठामुळे हवेतली ओल ओढतात. कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि ऊन पडेल त्या दिवशी बाहेर. गालमो तव्यावर मंद भाजून गार झाल्यावर भरला की बुरशी धरत नाही. गरम भरला तर झाकणाला घाम येतो आणि सगळा डबा जातो.

सत्तरीकर
माई, हेच हवं होतं. लिहून घेतलं.

वास्को_रात्रपाळी
पगार उशिरा होतोय दोन महिने, त्यामुळे धागा आधारासारखा वाटला. मासळी पूर्ण बंद केली तर मुलांना प्रोटीन कुठून द्यायचं, स्वस्तात?

माई_शिरोडा
पुता, पूर्ण बंद करू नकोस. तारले ठेव, तेच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पौष्टिक. बाकी अळसांदे (चवळीसारखं कडधान्य). दीडशे ग्रॅम सुके भिजवले की चौघांचं तोंडाक (भाताबरोबरचं कालवण) होतं, अर्ध्या किलोत तीन जेवणं. मूग मोड आणून मुगागाठी. अंडं एक दिवसाआड. घरात ज्यांच्या नावावर बसतं त्यांनी गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचा अर्ज भरलाय ना? महिन्याला १,५०० रुपये आहेत.

फोंडा_वहिनी
@वास्को_रात्रपाळी, दुकानदाराशी उधारीचं आधीच बोलून घ्या, शेवटच्या आठवड्यात नाही. उधारी फक्त तांदूळ-डाळ-तेलाची, बिस्किटं-फरसाण रोखीनेच. मग खातं फुगत नाही. होईल सगळं नीट, धीर धरा.

वास्को_रात्रपाळी
खूप बरं वाटलं माई, वहिनी. अर्ज उद्याच भरायला सांगतो घरी.

पणजी_भाटले
पाव! पोदेराची (पाववाल्याची) सायकल वाजली की घरातला प्रत्येक जण वेगवेगळं घेतो. रोज नग ठरवा, डबा बाहेर ठेवा, पैसे आठवड्याचे एकदम द्या. उरलेले उंडे दुसऱ्या दिवशी पाण्याचा हात लावून तव्यावर झाकून दोन मिनिटं. पोळी (कोंड्याचा पाव) मात्र शिळी घेऊ नका, कोंडा असल्यामुळे चिवट होते. आणि फोनवरून पैसे देणाऱ्यांनी बाजाराचे ३,००० दर शुक्रवारी वेगळ्या खात्यात टाका, त्यातूनच स्कॅन करा. पगाराच्या खात्यातून वीस-तीस रुपये गेलेले दिसतच नाहीत.

मडगांव_नवीन_संसार
श्रावणात खर्च कमी होतो का मग?

कुळागर_म्हार्दोळ
मासळीचे हजार वाचतात असं वाटतं, पण सगळंच गाव भाजीवर आल्यामुळे भाजीचा भाव चढतो. शिवाय खोबरं, गूळ, तूप जास्त लागतं. मासळीच्या हजारातले सहाशे भाजी-कडधान्यांना द्या, चारशे चवथीसाठी बाजूला. चार आठवड्यांत १,६०० जमतात, माटोळीचं सामान त्यात येतं.

मांजरवाली_हळदोणा
माशांची डोकी फेकता का सगळे? बाजारात साफ करून घेतलं तरी डोकी मागून घ्या. मोठ्या माशाच्या डोक्याचं हुमण तर उत्तम होतंच, आणि बांगड्याची उकडून, काटे काढून, भातात कालवली की मांजरांचे दोन दिवस जातात. मीठ-हळद लावायच्या आधी वेगळी काढा.

बाय_साखळीची
इसवणाच्या डोक्याला तिरफळं घालायची की नाही?

नुस्त्याची_पांटली
नको. तिरफळ बांगड्या-तारल्याला, पाच-सहा, ठेचून, शेवटच्या उकळीला. इसवणाच्या डोक्याला कांदा आणि आंबाडे घाल.